कामठा आणि कामठी

"मराठ्यांकडे चांगल्या तोफा नव्हत्या, कवायती पायदळ नव्हतं, म्हणून इंग्रज जिंकले." हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. माझा एक भाचा सध्या भरतीची तयारी करतोय. पहाटे उठून पळतो आणि दुपारी सामान्य ज्ञानाची पुस्तकं घोकतो. त्याच्या पुस्तकातही हेच वाक्य आहे. त्याने विचारलं, "मामाजी, मग तोफा विकत घ्यायच्या ना त्यांनी! पैसा नव्हता का?" प्रश्न साधा होता, पण उत्तर दोन ओळींत मावेना. म्हणून ही पोस्ट जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी तोफांचं सांगून टाकतो. तोफा घेतल्या होत्या. नुसत्या घेतल्याच नाहीत, तर आग्र्याला ओतल्याही होत्या. कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या आणि त्या हिंदुस्थानातल्या कुठल्याही फौजेच्या तोडीस तोड होत्या. तरीही राज्य गेलं. म्हणजे सैन्य आधुनिक करणं ही गोष्ट तोफेपाशी संपत नाही. मग ती कुठे संपते? ते शोधायला पुण्याला किंवा ग्वाल्हेरला जायची गरज नाही. आपल्याच भागातली दोन गावं पुरेशी आहेत, कामठा आणि कामठी.

नावांमुळे बाहेरच्या लोकांचा हमखास घोटाळा होतो. कामठी नागपूरशेजारची, छावणीची, सगळ्यांना माहीत असलेली. कामठा मात्र आपलं, गोंदिया तालुक्यातलं. आज बिरसीच्या विमानतळाकडे जाणाऱ्यांना ते नाव ऐकून माहीत असतं, इतकंच. पण भोसल्यांच्या काळात कामठ्याची जमीनदारी वैनगंगेच्या या खोऱ्यातली मोठी जमीनदारी होती. (गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी आपण भंडाऱ्यात आणि त्याही आधी भोसल्यांच्या नागपूर राज्यात.)

त्या राज्याची फौज कशी होती? पहिल्या रघूजी भोसल्यांनी १७४० च्या दशकात बंगालपर्यंत धडक मारली ती घोडदळाच्या जोरावर. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाला ओरिसा सोडून वर वर्षाला बारा लाख रुपये चौथाई मान्य करावी लागली. एवढा पल्ला तोफांच्या गाड्या ओढत गाठणं अवघड होतं. ते घोड्याचं काम होतं.

या घोडदळात दोन प्रकार असत, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारचा. शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. आता विचार करा, शिलेदाराची सगळी पुंजी तो घोडा. घोडा मेला की माणूस रस्त्यावर. त्यामुळे लूट आणणं, शत्रूची रसद तोडणं, वाऱ्यासारखं येऊन वाऱ्यासारखं निघून जाणं यात तो पटाईत. पण समोर तोफा लागलेल्या असताना सरळ त्यांच्यावर घोडा घालायचा म्हटलं की त्याचा हात आखडणार. यात भित्रेपणा नव्हता, हिशोब होता. सैन्य कसं लढणार हे पुष्कळदा त्याला पैसे कसे मिळतात यावरून ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

युरोपियन पद्धतीचं पायदळ मराठ्यांनी जवळून पाहिलं ते बुसीच्या हाताखालचं, निजामाच्या चाकरीत. त्यात तयार झालेला इब्राहिमखान गारदी सदाशिवरावभाऊंकडे आला. १७६० मध्ये उदगीरला या पलटणींनी निजामाला नमवलं आणि पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपतावर आठ-नऊ हजार गारदी शेवटपर्यंत उभे राहिले. इब्राहिमखान पकडला गेला आणि मारला गेला, पण त्याने बाजू बदलली नाही. पानिपतावर कमी पडला तो गारदी आणि घोडदळ यांचा मेळ. तोफांच्या आडून सावकाश पुढे सरकणारं पायदळ आणि मोकळ्या मैदानात झेप घेणारं घोडदळ, दोघांची लढायची रीत वेगळी. दोन्ही रीतींना एका सूत्रात बांधायची सवय कुणालाच नव्हती.

गारद्यांची दुसरी गोष्ट जास्त प्रसिद्ध आहे. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणरावांचा खून. त्यामागे राघोबादादा आणि आनंदीबाई यांचं राजकारण होतं हे आपण नाटकांत पाहतो. पण गारद्यांची थकलेली बाकी हे कारणही तितकंच खरं होतं. पगार थकलेली, कवायत शिकलेली, बंदूकधारी फौज धन्याच्याच वाड्यात पहाऱ्याला! नवं शस्त्र आणलं, पण त्याला वेळेवर पैसे देणारी व्यवस्था आणली नाही, की काय होतं याचं याहून भयंकर उदाहरण आपल्या इतिहासात नसेल.

महादजी शिंद्यांना हे नेमकं कळलं होतं असं मला वाटतं. पानिपतातून पायाने अधू होऊन परतलेला हा माणूस. १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा द बॉइन्य नावाचा अधिकारी चाकरीत घेतला. (आपल्याकडे त्याला सरसकट डिबॉयन म्हणतात.) सॅव्हॉयमधल्या शांबेरीचा. फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत, रशियनांकडे, मग मद्रासला इंग्रजांकडे, असा सगळीकडे नोकरी करून आलेला. सुरुवात दोन पलटणींनी झाली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे याच कवायती फौजेने राजपुतांचा पराभव केला. मेडत्याला राठोडांचं घोडदळ प्राणावर उदार होऊन चालून आलं आणि बंदुकांच्या चौकोनावर आपटून संपलं.

पण डिबॉयनची खरी करामत मला वेगळीकडे दिसते. त्याने महादजींकडून दुआबातला मुलूख फौजेच्या खर्चासाठी वेगळा काढून घेतला. त्या मुलखाचा वसूल थेट पलटणींच्या पगाराला. मध्ये कुणी दिवाण नाही, कुणी सावकार नाही. पगार नियमित. जखमी झालेल्याला भरपाई, कायमचा निकामी झालेल्याला जमीन. आग्र्याला सँग्स्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतत होता. कारखाना, खजिना, कवायत या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडलेल्या. याला म्हणायचं सैन्याची फेररचना!

मग बिघडलं कुठे? या सगळ्या यंत्राचा वरचा मजला परक्यांचा होता. पलटणीचा अधिकारी युरोपियन, ब्रिगेडचा अधिकारी युरोपियन, मुलखाचा वसूल सांभाळणाराही तोच. महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला गेले. दौलतराव पंधरा वर्षांचे. डिबॉयन पैसा गाठीला बांधून युरोपात परतला आणि त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये युद्ध लागलं तेव्हा इंग्रजांनी जाहीरनामा काढला, की शिंद्यांची नोकरी सोडून या, तुमची सोय लावतो. एकामागून एक अधिकारी निघून गेले. खुद्द पेराँ सप्टेंबरमध्ये इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

आणि शिपाई? शिपाई लढले. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला (आजच्या जालना जिल्ह्यात) वेलस्लीचे दीड हजारांहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. त्याच्या तिथल्या फौजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मराठी गोलंदाज तोफांपाशीच मेले. वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तरी त्याला असई कायम आठवत राहिली. १ नोव्हेंबरला लासवाडीला तर युरोपियन अधिकारी जवळपास उरलेच नव्हते, तरीही शिंद्यांच्या पलटणी हटल्या नाहीत. लढाईनंतर जनरल लेकने लिहून ठेवलंय, की यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता याची शंकाच आहे. शत्रूने दिलेलं हे प्रशस्तिपत्र वाचताना अभिमान वाटतो आणि पोटात कालवतंही. इतके चांगले शिपाई आणि त्यांना हुकूम द्यायला घरचा माणूस तयार केलेला नाही.

आता नागपूरकडे वळू, कारण आपलं नशीब तिथे बांधलेलं होतं.

दुसरे रघूजी भोसले असईला होते. त्यांची फौज मुख्यतः घोडदळाची. ते आणि दौलतराव दोघेही मैदानातून निघाले, पायदळ मागे राहिलं. मग २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेची गाठ वेलस्लीशी पडली. सुरुवातीला तोफांच्या माऱ्याने इंग्रजांच्याच काही पलटणी पळत सुटल्या होत्या, वेलस्लीला त्या स्वतः जाऊन सावराव्या लागल्या. पण संध्याकाळपर्यंत निकाल लागला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांनी देवगावचा तह. कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. शिवाय एक कलम असं की इंग्रजांच्या संमतीशिवाय फ्रेंच वगैरे परकीय माणसं चाकरीत ठेवायची नाहीत. म्हणजे सैन्य सुधारण्याची जी एक वाट तेव्हा माहीत होती, तीही कागदावर बंद झाली.

यानंतरची तेरा वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात, आणि त्यांच्याबद्दलच आपण सगळ्यात कमी बोलतो. उत्पन्नाचा फार मोठा भाग गेला होता. ते भरून काढायला रघूजींनी उरलेल्या मुलखावर कर वाढवले, नवे कर बसवले. तरी फौजेचे पगार थकलेलेच. पगार नाही मिळाला की शिपाई काय करणार? तो गावात शिरून शेतकऱ्याकडून वसूल करणार. वर पेंढारी होतेच. १८११ मध्ये ते थेट नागपूरपर्यंत आले आणि बाहेरच्या वस्त्या जाळून गेले. त्या काळात गावोगाव मातीच्या गढ्या उभ्या राहिल्या. राजाची फौज रक्षण करत नाही, उलट तिच्यापासूनच रक्षण करावं लागतं, असं झाल्यावर लोक भिंती बांधतात.

या राजाला इंग्रजांनी २७ मे १८१६ च्या तहाने तयार उत्तर दिलं, ते म्हणजे तैनाती फौज. वर्षाला साडेसात लाख रुपये द्या, सैन्य आम्ही पुरवतो. रघूजी दोन महिन्यांपूर्वीच वारले होते आणि आप्पासाहेबांना गादीच्या भांडणात आधार हवा होता. त्यांनी सही केली. सैन्य सुधारण्याची कटकटच मिटली! पगार वेळेवर, कवायत उत्तम, तोफा नव्या. फक्त सैन्य आपलं नाही.

दीड वर्षात आप्पासाहेबांना ते उमगलं. २६-२७ नोव्हेंबर १८१७, सीताबर्डी. इंग्रजांचे दीड हजारांच्या आत लोक टेकडीवर. आप्पासाहेबांकडे अठरा हजारांच्या आसपास फौज, त्यात तीन-चार हजार अरब. अरब जिवाच्या कराराने लढले, धाकटी टेकडी त्यांनी घेतलीही. पण बाकीची फौज बहुतेक पाहत राहिली. कॅप्टन फिट्झजेराल्डच्या थोड्याशा घोडदळाने डाव उलटवला. पुढे १६ डिसेंबरला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले तरी अरबांनी शहर सोडलं नाही. ३० डिसेंबरपर्यंत ते अडून होते आणि निघाले ते स्वतःच्या अटी मान्य करवूनच. धन्याने शरणागती दिली तरी त्याचा हुकूम ज्यांना लागू होत नाही, अशी ही फौज!

आणि टेकडीवर कोण होते? तेही बहुतेक हिंदुस्थानीच. मद्रासकडचे शिपाई, बंगालच्या सैन्यातले घोडेस्वार. त्यांच्यात आणि आप्पासाहेबांच्या शिपायांत हाडामांसाचा काय फरक होता? फरक एवढाच, की त्यांना ठाऊक होतं पगार कधी येणार, हुकूम कुणाचा, आणि पळालो तर काय होईल.

आता आपलं कामठा. १८१८ मध्ये आप्पासाहेब कैदेतून निसटले आणि ठिकठिकाणी त्यांच्या नावाने उठाव झाले. त्यात कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल होते. स्वतःची माणसं जमवून ते इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. कॅप्टन गॉर्डनला फौज देऊन पाठवण्यात आलं, कामठा घेतलं गेलं, चिमणा पटेल पकडले गेले आणि जमीनदारी दुसऱ्या घराण्याकडे गेली. इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट दोन-चार ओळींची. पण मला तिच्यात सगळ्या शोकांतिकेचं सार दिसतं. नागपूरची एवढी मोठी फौज मोडली, आणि त्यानंतर राज्यासाठी उभा राहिला तो भाताच्या बांध्यांमधला एक पटेल. मन होतं, माणसं होती. मागे खजिना नाही, कारखाना नाही, शेजारच्या जमीनदाराशी बांधणारं सूत्र नाही. निष्ठा एकीकडे आणि व्यवस्था दुसरीकडे अशी फाळणी झाली की निष्ठा एकटी पडते.

तीन वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी इंग्रजांनी आपली छावणी वसवली. तीच कामठी. आपल्याच पैशावर पोसलेली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि पुढच्या वर्षी नागपूर खालसा झालं तेव्हा लढाई करायची वेळसुद्धा आली नाही. लढायला होतं कोण?

कंपनीची फौज आदर्श होती असं मात्र नाही. तिचाही वरचा मजला परकाच होता. हिंदी शिपाई सुभेदाराच्या पुढे जात नसे आणि काल आलेला गोरा पोरगा त्याच्यावर हुकूम चालवे. हे बदलायला किती काळ लागला पाहा. डेहराडूनची अकादमी १ ऑक्टोबर १९३२ ला सुरू झाली, तेव्हा कुठे आपले अधिकारी आपल्या मातीत घडू लागले. म्हणजे महादजींनी अर्धवट सोडलेलं काम पुरं व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, जनरल करिअप्पांनी जुन्या रेजिमेंटांमधल्या नावाजलेल्या बटालियन काढून ‘ब्रिगेड ऑफ द गार्ड्स’ उभी केली. भरती कुठल्या एका जातीची, एका प्रांताची नाही, सगळ्यांची. या गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर पुढे कुठे आलं? कामठीला! गारदी आणि गार्ड्स, एकाच शब्दाची दोन भावंडं. एकाने पगारासाठी धन्याच्या वाड्यात तलवार उपसली, दुसऱ्याच्या बराकी आज इंग्रजांच्या जुन्या छावणीत आहेत आणि तिथे देशभरातली पोरं एका रांगेत कवायत करतात.

आणि ३० एप्रिल २०२२ ला भारताचे लष्करप्रमुख झाले ते जनरल मनोज पांडे मूळचे नागपूरचेच. आप्पासाहेबांच्या सहीला तेव्हा दोनशे सहा वर्षं होत होती.

हे सगळं आज कशाला? कारण सैन्याची फेररचना आजही चालू आहे. १ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांसाठी संरक्षण दल प्रमुख आले. पायदळ, नौदल, हवाई दल यांनी एका हुकुमाखाली लढावं यावर गेली काही वर्षं खल चालू आहे. पानिपतावर गारदी आणि घोडदळ यांच्यात जे जमलं नाही तेच हे. १ ऑक्टोबर २०२१ ला दारूगोळा कारखान्यांचा जुना बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. आपल्या शेजारचा भंडाऱ्याचा कारखाना त्यांतल्या एकीत गेला. त्याच कारखान्यात २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. तोफा ओतणारे, दारू भरणारे हात हेही सैन्यच असतं, हे अशा दिवशी कळतं. आणि जून २०२२ मध्ये अग्निपथ आलं. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे कायम.

यातलं काय बरोबर, काय चूक, हे ठरवण्याइतकं मला युद्धशास्त्र कळत नाही. पण कामठा-कामठीने माझ्या हातात एक माप दिलंय. कुठलीही सुधारणा आली की तिला चार प्रश्न विचारायचे. शिपायाला पैसे वेळेवर आणि मानाने मिळतील का? तो निकामी झाला, वयाने संपला, मुदत संपून घरी आला, तर त्याचं काय? हुकूम देणारा घरचा आणि तयार केलेला आहे का? आणि वेगवेगळ्या रीतींनी लढणाऱ्यांना बांधणारं सूत्र आहे का? रणगाडा कुठल्या बनावटीचा आणि विमान कितव्या पिढीचं, हे त्यानंतर.

तर भाचेबुवा, पैसा होता, तोफाही होत्या. विकत मिळणाऱ्या गोष्टी आपण विकत घेतल्या. न मिळणाऱ्या घरी घडवायला हव्या होत्या, तेवढंच राहिलं.

असो. कामठ्याच्या जमीनदारीबद्दल, चिमणा पटेलांबद्दल कुणाच्या घरी जुने कागद असतील, आजी-आजोबांकडून ऐकलेलं काही आठवत असेल, तर जरूर कळवा. दोन-चार ओळींच्या चार-पाच तरी व्हायला हव्यात.